संरक्षण नेमकं कुणाचं? विमानाच्या चाकांमागच्या एका रिलेचा इतिहास

एक छोटं, चार-पाच वर्षं खपून घरीच बांधलेलं विमान धावपट्टी सोडून वर जातं. वैमानिक लँडिंग गिअरचा स्विच वर करतो. पायाखालून पंपाची घरघर ऐकू येते, चाकं पोटात जातात, तेलाचा दाब ठरलेल्या पातळीला पोचतो आणि पंप थांबतो. निदान थांबायला हवा. कधीतरी तो थांबत नाही. दाब पुरेसा झालेला असतो, प्रेशर स्विचनं आपलं काम केलेलं असतं, रिलेच्या कॉइलमधला प्रवाह तुटलेला असतो, तरी पंप चालूच राहतो. कारण रिलेचे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटलेले असतात. वितळून, चक्क वेल्डिंग झाल्यासारखे.

आता एक प्रश्न. या सर्किटमध्ये ब्रेकर आहे, कॉइलवर डायोड आहे, जाड वायर आहे. सगळं ‘संरक्षण’ जागेवर आहे. मग रिले कसा गेला?

उत्तर साधं आहे, पण ते नीट कळायला मला १८३२ पर्यंत मागे जावं लागलं. मी एम.एस्सी. भौतिकशास्त्रात केलं आणि पीएच.डी.साठी विजेच्या जोड-तोडीच्या साधनांचा इतिहास अभ्यासते आहे. स्विच, रिले, फ्यूज असल्या वस्तू पाठ्यपुस्तकात एका चिन्हात संपतात. पण त्या चिन्हांमागे कुणाला तरी पडलेली एकेक अडचण असते. ती अडचण विसरली की आपण ‘संरक्षण’ हा शब्द मोघम वापरायला लागतो. या लेखात मला एवढंच दाखवायचं आहे: प्रत्येक संरक्षक भाग एका ठराविक गोष्टीला एका ठराविक संकटापासून वाचवतो, आणि बाकीच्यांना वाचवत नाही.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. इंग्रजी पुस्तकात सर्किट ‘क्लोज’ झालं की प्रवाह सुरू होतो. मराठीत दिवा ‘बंद’ म्हणजे विझलेला. म्हणून मी इथे कॉन्टॅक्ट ‘जुळले’ आणि ‘सुटले’ असंच म्हणणार आहे.

ठिणगी तुटताना पडते

जोसेफ हेन्री हे अमेरिकेतल्या अल्बनी अकॅडमीत शिकवायचे. १८३२ साली त्यांनी एक निरीक्षण छापलं. लहानशा बॅटरीची दोन टोकं फूटभर तारेनं जोडली आणि जोड सोडवला, तर ठिणगी दिसत नाही. तीच बॅटरी, पण तार तीस-चाळीस फूट लांब घेतली, तर जोड सोडवताना स्पष्ट ठिणगी दिसते. तार गुंडाळून वेटोळं केलं तर आणखी मोठी.

हे विचित्र आहे ना? तार लांब म्हणजे रोध जास्त, प्रवाह कमी. मग ठिणगी मोठी का? हेन्रींनी याचं कारण तारेच्या स्वतःवरच्या परिणामात शोधलं. आज आपण त्याला स्वयंप्रवर्तन म्हणतो. इकडे लंडनमध्ये १८३४ साली जेंकिन नावाच्या गृहस्थांनी मायकेल फॅरेडेंना सांगितलं, की विद्युतचुंबकाची तार हातात धरून बॅटरीपासून सोडवली की सणसणीत झटका बसतो. फॅरेडेंनी त्यावरून स्वतंत्रपणे तीच घटना तपासली. पुढे १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत स्वयंप्रवर्तनाच्या एककाला ‘हेन्री’ नाव मिळालं.

यातला गाभा असा: वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह म्हणजे साठवलेली ऊर्जा. प्रवाह एकदम तोडला तर ती ऊर्जा कुठेतरी जाणारच. आपण तिला वाट करून दिली नाही, तर ती स्वतः वाट काढते आणि सर्वांत जवळची वाट म्हणजे नुकतेच सुटू लागलेले कॉन्टॅक्ट. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी कॉइल तोडताना काही शे व्होल्टचा झटका निघू शकतो, तो यामुळेच.

हेन्री १८३२ मध्येच प्रिन्स्टनला गेले. तिथे १८३५ च्या सुमारास ते विद्यार्थ्यांना एक प्रयोग दाखवत. एक भलामोठा विद्युतचुंबक जड वजन उचलून धरायचा. त्याचं सर्किट तोडण्याचं काम मात्र लांबच्या तारेवरचा, क्षीण प्रवाहावर चालणारा दुसरा चुंबक करायचा. दूर कुठेतरी बारीकसा प्रवाह सुरू केला की इकडे जड वजन धाडकन खाली. रिलेची कल्पना यात पूर्ण आली: छोट्या प्रवाहानं मोठ्या प्रवाहावर हुकूम चालवायचा. गंमत म्हणजे त्या प्रयोगात मोठा प्रवाह तुटल्यावर वजन खाली येतं. आपल्या विमानाची चाकंही आणीबाणीत तशीच खाली येतात. ते पुढे.

डाकेचा घोडा

‘रिले’ हा मूळचा घोड्यांच्या टप्प्यांचा शब्द. डाकेचा एक घोडा दमला की पुढच्या ठाण्यावर ताजादम घोडा घ्यायचा. तारायंत्रात नेमकं हेच हवं होतं. मैलोन्‌मैल तारेतून येता येता क्षीण झालेला संदेश पुढच्या ठाण्यावर ताज्या बॅटरीनं पुढे पाठवायचा. १८४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही सॅम्युएल मोर्स यांची तार सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत रिले जगभर पसरला.

त्या काळातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, फ्यूज. १८४७ मध्ये फ्रान्सच्या ब्रेगे यांनी सुचवलं, की तारघरात शिरण्याआधी तारेचा एक बारीक तुकडा घालावा. वीज पडली तर तो वितळेल आणि आतली यंत्रं वाचतील. पुढे १८८० मध्ये एडिसननी दिव्यांच्या वायरिंगसाठी अशाच वितळणाऱ्या तुकड्याचं पेटंट घेतलं. इथे हेतू बदलला हे लक्षात घ्या. ब्रेगेंना बाहेरच्या विजेपासून यंत्र वाचवायचं होतं. एडिसनना शॉर्टसर्किट झाल्यावर वायर तापून घर पेटू नये, हे हवं होतं. वस्तू जवळपास तीच, पण ती कुणाचं रक्षण करते ते बदललं.

दुसरी, ठिणगीवरचा उपाय. १८५३ मध्ये हिप्पोलीट फिझो यांनी इंडक्शन कॉइलच्या जोड-तोड करणाऱ्या कॉन्टॅक्टना समांतर कंडेन्सर जोडायला सांगितला. सुटणाऱ्या कॉन्टॅक्टमधून उडी मारण्याऐवजी ऊर्जा कंडेन्सरमध्ये जाते आणि ठिणगी मवाळ होते. म्हणजे ‘ऊर्जेला दुसरी वाट द्या’ हे तत्त्व डायोडच्या शंभर वर्षं आधीच हाताशी होतं. १९५० च्या दशकात सिलिकॉन डायोड बाजारात आले, तेव्हा ती वाट स्वस्त आणि इवलीशी झाली, इतकंच.

चार क्षणांचा पैलवान

आता मोटारीकडे येऊ. चार्ल्स केटरिंग हे एनसीआर या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते. गल्ला उघडण्यासाठी त्यांनी विजेची मोटर बसवली. ती लहान होती, पण एका वेळी क्षणभरच चालायची. त्यामुळे तिच्यावर क्षमतेबाहेरचा भार टाकला तरी तापून जायच्या आत काम संपायचं. हीच युक्ती त्यांनी गाडीच्या सेल्फ-स्टार्टरला लावली. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो स्टार्टर आला.

ही युक्ती म्हणजे एक करार आहे. लहान मोटर मोठं काम करेल. अट एकच, ते थोडा वेळच असेल. विमानाच्या लँडिंग गिअरचा पंप याच करारावर चालतो. चाकं वर घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्यासाठी जड मोटर कशाला वाहून न्यायची? म्हणून मोटर लहान, प्रवाह दांडगा आणि वेळ थोडा.

आता सुरुवातीचा चिकटलेला रिले आठवा. चिकटलेला रिले हा करारच मोडतो. काही सेकंदांसाठी बनवलेली मोटर मिनिटामागून मिनिट चालत राहते. तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून गोल गोल फिरतं, मोटर तापते, बॅटरी उतरते. खरा धोका आहे तो ‘वेळ’ या राशीत, आणि वेळ मोजणारा एकही भाग या सर्किटमध्ये नाही.

चाकं पोटात घेण्याचा हट्ट

विमानाच्या चाकांचा हवेला फार अडथळा होतो हे सुरुवातीपासून माहीत होतं. १९२० च्या गॉर्डन बेनेट शर्यतीत डेटन-राइटचं आरबी-१ हे विमान चाकं आत घेऊन उडालं; हँडल मारून, हातानं. १९३० च्या दशकातल्या सोव्हिएत आय-१६ लढाऊ विमानाचा वैमानिक चाकं वर घ्यायला हँडलचे ४४ फेरे मारायचा. युद्ध संपता संपता चित्र बदललं. डिसेंबर १९४५ मध्ये उडालेल्या बीचक्राफ्ट बोनांझात हे काम विजेची मोटर करत होती. १९६७ मध्ये पायपरनं चेरोकी ॲरो आणलं. त्यात उलटसुलट फिरणारी विजेची मोटर हायड्रॉलिक पंप चालवते. ॲरोमध्ये चाकं वर अडकवून ठेवणारा खटका नाही. तेलाचा दाबच त्यांना वर धरून ठेवतो. दाब सोडला की चाकं वजनानं खाली येतात. हेन्रींच्या प्रयोगासारखं. आणीबाणीसाठी हे फार सोयीचं आहे.

पण त्याची एक किंमत आहे. उड्डाणात दाब हळूहळू गळतो. तो खाली गेला की प्रेशर स्विच रिलेला हुकूम देतो, पंप क्षणभर चालतो, दाब भरतो, थांबतो. म्हणजे रिले एका उड्डाणात दोनदाच नव्हे, कितीतरी वेळा जोड-तोड करू शकतो. सील जुनं असेल तर अधिकच. रिलेचं आयुष्य ठरवताना हा हिशोब बऱ्याचदा राहून जातो.

याच सुमारास घरी विमानं बांधणाऱ्यांची चळवळ उभी राहत होती. ऑरेगनचे जॉर्ज बोगार्डस १९४७ मध्ये स्वतःचं छोटं विमान घेऊन वॉशिंग्टनला गेले, हौशी बांधणीला कायद्यात जागा द्या म्हणायला. ते विमान आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. आणि त्या स्मिथसोनियनचे पहिले सचिव होते जोसेफ हेन्री. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिनमध्ये एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली. अमेरिकी नियम म्हणतो, की विमानाचा मोठा भाग बांधणाऱ्यानं स्वतः केलेला असावा आणि तो केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी. ‘शिक्षणासाठी’ हा शब्द कायद्यात आहे, हे मला फार आवडतं. (आपल्याकडे होमबिल्ट म्हटलं की कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आठवतात. त्यांचं विमान २०१६ मध्ये मुंबईत ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं होतं.)

१९८० च्या दशकात ग्लासएअर, लॅन्सएअर अशी फायबरग्लासची वेगवान किट आली आणि पंप-रिलेचं लँडिंग गिअर कंपन्यांच्या कारखान्यांतून घरांच्या गॅरेजमध्ये पोचलं. कारखान्यातल्या विमानाला प्रमाणपत्राचे कडक नियम लागू असतात. होमबिल्टला ते जसेच्या तसे लागू नाहीत. वायर केवढी, ब्रेकर कुठे, रिले कुठला, हे बांधणाराच ठरवतो. म्हणून या जगात हस्तपुस्तकांना मोठा मान आहे. बॉब नकल्स यांचं ‘द एअरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ त्यातलं सर्वांत परिचित.

सर्किट वाचूया: कोण कुणाला वाचवतं?

आता एकेक भाग घेऊ. कागदावर बॅटरी, ब्रेकर, रिलेचे कॉन्टॅक्ट, मोटर आणि परत बॅटरी असा गोल काढा. बाजूला छोटा गोल: गिअर स्विच, प्रेशर स्विच, रिलेची कॉइल. खरं तर रिले दोन असतात, एक चाकं वर घ्यायला आणि एक खाली सोडायला. आपण सध्या एकच घेऊ.

वायर. समजा मोटर ४० अँपिअर घेते आणि जाऊन-येऊन ६ मीटर वायर लागते. ८ गेजच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण २ मिलिओहम, तर १४ गेजचा साधारण ८ (गेजचा आकडा वाढला की वायर बारीक होते). ८ गेजमध्ये अर्धा व्होल्ट जाईल, १४ गेजमध्ये दोन व्होल्ट. मोटर थांबलेली असताना तिचा उलटा व्होल्टेज नसतो, त्यामुळे सुरू होण्याच्या क्षणी प्रवाह कितीतरी पट उसळतो. तिप्पट धरला तरी १४ गेजमध्ये सहा व्होल्ट तारेतच संपले! बाराच्या बॅटरीतले सहा. शिवाय धातूच्या विमानात परतीची वाट सांगाडाच देतो. फायबरग्लासमधून वीज जात नाही. म्हणून तिथे परतीची वायरही तितकीच जाड ओढावी लागते. जुन्या धातूच्या विमानाचा आराखडा बघून कंपोझिट विमान वायर करणाऱ्यानं हे आधी तपासावं.

ब्रेकर. हा एडिसनच्या हेतूचा वारस. तो वायर वाचवतो. म्हणून त्याचा आकडा वायरवरून ठरतो आणि तो बॅटरीच्या बाजूला, वायरच्या सुरुवातीला बसतो. मोटर वाचवणं हे त्याचं मुख्य काम नाही. पंप निवांत फिरत राहिला आणि प्रवाह ब्रेकरच्या मर्यादेखाली असला, तर ब्रेकर उडेलच असं नाही. पण तो हाताच्या टप्प्यात असेल आणि ओढून सोडवता येणाऱ्या जातीचा असेल, तर रिले चिकटल्यावर वैमानिकाच्या हाती तोच एक उपाय उरतो. मग त्याचं दुसरं काम सुरू होतं, जे त्याच्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

कॉन्टॅक्ट. इथे दोन वेगळी संकटं आहेत. जुळताना कॉन्टॅक्ट चेंडूसारखे क्षणभर टप्पे खातात आणि नेमका त्याच क्षणी प्रवाह उसळलेला असतो. प्रत्येक टप्प्याला छोटा आर्क, धातू वितळतो आणि वितळलेल्या धातूवरच कॉन्टॅक्ट दाबून बसतात. चिकटण्याचं मोठं कारण हे. सुटताना संकट वेगळं: मोटरच्या गुंडाळीतली ऊर्जा आर्क टिकवते, धातू झिजतो. चांदीच्या कॉन्टॅक्टमध्ये आर्क टिकायला साधारण १२ व्होल्ट तरी लागतात. त्यामुळे १२ व्होल्टच्या विमानात आर्क लवकर मरतो आणि २४-२८ व्होल्टच्या विमानात तोच रिले जास्त सोसतो. डीसी प्रवाह एसीसारखा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही, म्हणून २५० व्होल्ट एसी लिहिलेल्या रिलेवर डीसीचा आकडा बऱ्याचदा ३० व्होल्ट असतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेत स्विच निवडण्यासाठी गुणक दिले आहेत: १२ व्होल्टवर मोटरसाठी २, २४ व्होल्टवर ३. म्हणजे २४ व्होल्टवर १० अँपिअरच्या मोटरला ३० अँपिअरचा स्विच. सगळ्यात मोठा गुणक मोटरला नाही, साध्या फिलामेंटच्या दिव्याला आहे. थंड फिलामेंटचा रोध फार कमी, म्हणून!

कॉइलवरचा डायोड. पट्टी असलेलं टोक धन बाजूला, कॉइलला समांतर. प्रवाह तुटला की कॉइलची ऊर्जा डायोडमधून गोल फिरून विरते. उलटा लावला तर थेट शॉर्टसर्किट. हा डायोड कुणाला वाचवतो? रिलेला नाही! कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या गिअर स्विचला आणि प्रेशर स्विचला वाचवतो. त्यांचे नाजूक कॉन्टॅक्ट हेन्रींच्या ठिणगीनं जळू नयेत म्हणून तो आहे.

म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ब्रेकर वायरला वाचवत होता, डायोड स्विचला वाचवत होता, जाड वायर मोटरला पूर्ण व्होल्टेज देत होती. रिलेच्या मोठ्या कॉन्टॅक्टना कुणीच वाचवत नव्हतं. उलट जाड वायरमुळे सुरुवातीचा प्रवाह अधिकच उसळत होता. कॉन्टॅक्टचं रक्षण करतो तो योग्य आकाराचा रिले, आणि काठावर फडफडत न बसणारा प्रेशर स्विच. पंप ज्या दाबाला थांबतो आणि ज्या दाबाला पुन्हा सुरू होतो, त्यांत पुरेसं अंतर हवं. ते नसेल तर प्रत्येक फडफडीला सुरुवातीचा झटका नव्यानं बसतो.

डायोडचा वाद

रिले बनवणाऱ्यांची तांत्रिक पत्रकं वाचलीत तर एक इशारा दिसेल: नुसता डायोड लावू नका, त्यानं रिले सुटायला उशीर होतो आणि कॉन्टॅक्टचं आयुष्य घटतं, डायोडसोबत एक झीनर लावा. दुसरी बाजू म्हणते: आम्ही वर्षानुवर्षं साधा डायोड लावतोय, काही बिघडत नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा वाद म्हणजे उत्तम सराव आहे. दोन्ही बाजू ‘उशीर’ हा एकच शब्द वापरतात, पण इथे तीन वेगळ्या राशी आहेत. एक, हुकूम तुटल्यापासून कॉन्टॅक्ट हलायला लागेपर्यंतचा वेळ. दोन, हलायला लागल्यावर ते किती वेगानं लांब जातात. तीन, आर्क किती वेळ जिवंत राहतो. डायोडमुळे पहिला वेळ वाढतो, यात शंका नाही. कॉइलमधला प्रवाह सावकाश विरतो. पण पंप काही मिलिसेकंद उशिरा थांबल्यानं काहीच बिघडत नाही. झीज ठरते ती दुसऱ्या-तिसऱ्या राशीवर. त्या रिलेच्या रचनेनुसार बदलतात आणि ऑसिलोस्कोप लावून मोजाव्याच लागतात.

एका मांडणीत मात्र हा प्रश्न खरोखर गंभीर होतो. दोन वायरची मोटर उलटसुलट फिरवायला चेंजओव्हर जातीचे दोन रिले वापरतात. त्यांत हलता कॉन्टॅक्ट एका बाजूला बॅटरीला आणि दुसऱ्या बाजूला ग्राउंडला टेकतो. मधलं अंतर असतं जेमतेम. बॅटरीच्या बाजूचा आर्क विझायच्या आत हलता कॉन्टॅक्ट ग्राउंडला पोचला, तर बॅटरी त्या आर्कमधून सरळ ग्राउंडला जोडली जाते. २४ व्होल्टच्या विमानात ही भीती जास्त. म्हणजे ‘डायोड चांगला की वाईट’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या रिलेवर, किती व्होल्टला, कुठल्या मांडणीत, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

दिवा कुणाची साक्ष देतो?

शेवटचा भाग सर्वांत स्वस्त: पंप चालू असल्याचा दिवा. तो दोन ठिकाणी जोडता येतो. कॉइलच्या बाजूला जोडला, तर तो सांगतो की आपण पंपाला चालण्याचा हुकूम दिला आहे. मोटरच्या बाजूला, म्हणजे रिलेच्या मोठ्या कॉन्टॅक्टच्या पलीकडे जोडला, तर तो सांगतो की मोटरपर्यंत वीज खरंच पोचते आहे. सगळं ठीक असताना दोन्ही दिवे हुबेहूब सारखे वागतात. रिले चिकटला की फरक कळतो. पहिला दिवा विझतो आणि वैमानिक निश्चिंत होतो. दुसरा पेटलेला राहतो आणि त्याचा हात ब्रेकरकडे जातो.

हा फरक किती महाग पडू शकतो हे २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दिसलं. दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. पण नियंत्रण कक्षातला दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवत नव्हता. व्हॉल्व्ह मिटण्याचा हुकूम गेला आहे, एवढंच तो सांगत होता. कर्मचाऱ्यांनी दिव्यावर विश्वास ठेवला आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. कुठे अणुभट्टी आणि कुठे गॅरेजमधलं विमान! पण वायरिंगमधला प्रश्न तोच: हा दिवा हुकूमाची साक्ष देतो की घटनेची?

तुमच्या संशोधनासाठी

इतिहास वाचून काय मिळालं, तर एक सवय. कुठल्याही प्रयोगाच्या मांडणीत ‘सुरक्षेसाठी’ किंवा ‘नियंत्रणासाठी’ म्हणून एखादा भाग दिसला, की तीन प्रश्न विचारा. हा भाग कुणाला वाचवतो? कशापासून? आणि त्याच्यामुळे भार आता कुणावर आला? फ्यूज, डायोड, कंडेन्सर यांना हे प्रश्न जसे लागू पडतात, तसेच तुमच्या प्रयोगातल्या फिल्टरला, कॅलिब्रेशनला आणि संख्याशास्त्रीय चाचणीलाही पडतात.

आणि चौथा प्रश्न दिव्याचा. तुमच्या नोंदवहीत जो आकडा लिहिला जातो, तो तुम्ही यंत्राला दिलेल्या हुकूमाचा आहे की प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीचा? भट्टीच्या पॅनेलवर ३०० अंश दिसतात. ते ‘सेट’ केलेलं तापमान आहे की नमुन्याजवळ मोजलेलं? सिरिंज पंपानं मिनिटाला इतके मिलिलिटर सोडले असं आपण लिहितो. ते वजन करून बघितलं, की पंपाच्या पडद्यावरून उतरवलं? गाइडबरोबरच्या पहिल्याच चर्चेत हा प्रश्न येणार, आणि तो यायलाच हवा.

एक छोटा अभ्यास सुचवते. तुमच्या प्रयोगशाळेतलं कुठलंही एक उपकरण घ्या आणि त्याचं सर्किट किंवा जोडणीचा आराखडा कागदावर काढा. प्रत्येक दिव्याशेजारी ‘हुकूम’ किंवा ‘घटना’ असं लिहा. प्रत्येक फ्यूजशेजारी तो कुणाला वाचवतो त्याचं नाव लिहा. ज्या भागाशेजारी कुणाचंच नाव आलं नाही, तो शोधा. आपल्या पंपाच्या सर्किटमध्ये तो रिलेचा कॉन्टॅक्ट होता.